जेलीच्या होड्या आणि घरच्या गोळ्या

मार्च उजाडला की आमच्या सांगोल्यात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. दुपारी रस्ते ओस पडतात आणि घरात मुलांची ‘आई, गार काहीतरी कर ना’ ही भुणभुण लागते. यंदा त्यात धाकटीच्या वाढदिवसाची भर पडली. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणजे सकाळी चार तास शाळा आणि उरलेला पूर्णवेळ घर! त्या दिवशी घरी येऊन पदर खोचते न खोचते तोच लेकीनं ह्यांचा मोबाईल माझ्या नाकापुढं धरला. ‘आई, केकबरोबर हे पण कर!’ बघते तर संत्र्याच्या अर्ध्या सालीत भरलेली केशरी जेली, तिला गोळ्यांचे डोळे, गोळ्यांचं नाक, आणि शेजारी त्याच जेलीच्या ऐटदार होड्या.

जेली म्हटलं की आपल्याला वाटतं, हे हॉटेलातलं काम, आपल्या हातून कसलं होतंय! पण एकदा करून बघाल तर शिऱ्याहून सोपी. त्यात गंमत अशी, की शिऱ्याला मुलं ढुंकून बघत नाहीत आणि जेलीसाठी ओट्याभोवती रांग लावतात.

आधी सामानाचं सांगते. जेली घट्ट करायला बाजारात मुख्यतः दोन गोष्टी मिळतात. एक जिलेटीन. ते जनावरांच्या हाडांपासून नि कातड्यापासून काढतात. दुसरं चायनाग्रास, म्हणजेच अगर-अगर. ते समुद्रातल्या शेवाळापासून होतं. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बायका समुद्रात बुड्या मारून हे शेवाळ काढतात. आपण दहा ग्रॅमची पुडी सहज पिशवीत टाकतो, तिच्यामागं कुण्या बाईचा एवढा दम कोंडलेला असतो.

आमच्या घरी जिलेटीनचा प्रश्नच नव्हता. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. पंढरपूर इथून हाकेच्या अंतरावर, तेव्हा एकादशीची वारी सहसा चुकत नाही. आणि धर्माचं क्षणभर बाजूला ठेवलं तरी आपल्या उन्हाळ्यात चायनाग्रासच बरं. जिलेटीनची जेली आपल्या अंगाच्या उबेनंसुद्धा वितळते. फ्रिजमधून काढून पाहुण्यांपुढं नेईपर्यंत बशीत सरबत! चायनाग्रासची जेली एकदा जमली की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय पुन्हा पातळ होत नाही. वीज गेली, फ्रिज बंद पडला, तरी ती आपली ताठ उभी.

ह्यावरून एका गृहिणीची गोष्ट आठवते. फॅनी हेस तिचं नाव. जन्म १८५० सालचा, न्यूयॉर्कचा. नवरा वॉल्टर हेस जर्मन डॉक्टर, आणि १८८१ च्या सुमारास तो बर्लिनला रॉबर्ट कॉख ह्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करत होता. जंतू वाढवायला ते लोक जिलेटीनचा थर वापरत. उन्हाळा आला की तो थर वितळायचा, आणि काही जंतू तर जिलेटीनच खाऊन टाकायचे. सगळी मेहनत पाण्यात! नवरा वैतागून म्हणाला, तुझ्या जेल्या आणि पुडिंगं उन्हाळ्यात कशी टिकतात? फॅनीबाई म्हणाल्या, मी अगर घालते. लहानपणी न्यूयॉर्कला त्यांच्या शेजारी जावाहून आलेलं एक डच कुटुंब होतं, त्यांच्याकडून हे त्यांना कळलेलं. झालं, स्वयंपाकघरातलं अगर प्रयोगशाळेत गेलं ते आजतागायत तिथंच आहे. डॉक्टर आपल्याला लघवीची ‘कल्चर’ तपासणी करायला सांगतात ना, ते जंतूही अगरच्या थरावरच वाढवतात. पण कॉखसाहेबांनी १८८२ साली क्षयाच्या जंतूवर लेख लिहिला, त्यात अगरचा उल्लेख आहे, फॅनीबाईंचं नाव नाही. असो. आपल्याला ह्यात नवीन काही नाही! भाजी चांगली झाली की बाजारातली वांगी चांगली होती म्हणतात, तसंच.

संत्र्याच्या वाट्या आणि होड्या

साहित्य : मोठी संत्री ६, चायनाग्रासच्या पट्ट्या १० ग्रॅम, पाणी अडीच कप, साखर पाऊण कप, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. (कप २०० मिलिलिटरचा धरला आहे. सगळा रस मिळून दोन कप भरायला हवा. कमी पडला तर एखादं मोसंबं पिळा.)

कृती : चायनाग्रास कात्रीनं बारीक कापून अडीच कप पाण्यात अर्धा तास भिजत घाला. तोवर संत्री धुऊन आडवी मधोमध कापा. चमच्याच्या कडेनं आतला गर अलगद सोडवा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे गर पटकन सुटतो, पण सालही पटकन फाटते. तेव्हा घाई नको. देठाकडं भोक पडलंच तर आतून सालीचाच एक लहान तुकडा बसवा. बिया काढून गर हातानं कुस्करा आणि गाळणीवर दाबून रस काढा. मिक्सरमधून बियांसकट फिरवलात तर रस कडू झालाच म्हणून समजा.

आता भिजलेलं चायनाग्रास त्याच पाण्यासकट मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. आठ-दहा मिनिटांत ते पूर्ण विरघळतं. चमचा वर उचलून उजेडात बघा. एकही तंतू दिसता कामा नये. मग साखर आणि मीठ घालून एक उकळी आणा, गॅस बंद करा आणि गाळून घ्या. दोन मिनिटांनी संत्र्याचा आणि लिंबाचा रस घालून ढवळा.

इथं दोन चुका हमखास होतात. पहिली, रस चायनाग्रासबरोबरच उकळणं. आंबटात उकळलं की चायनाग्रासचा जोर कमी होतो, जेली लिबलिबीत होते आणि संत्र्याची चवही कडवट होते. दुसरी, फ्रिजमधला गार रस एकदम ओतणं. तसं केलंत तर चायनाग्रास तिथल्या तिथं धरतं आणि गुठळ्या होतात. रस बाहेरचा, जरासा कोमट असला तर उत्तम.

साली उभ्या कशा राहणार, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर फडताळातच होतं. इडलीपात्राच्या खळग्यांत साली अगदी चपखल बसतात! त्यांत काठोकाठ मिश्रण ओता. उरलेलं लहान वाट्यांत ओता. इडलीपात्र माठातल्या पाण्याच्या परातीत ठेवलंत की पाऊण-एक तासात जेली जमते. मग खायच्या वेळेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा.

होड्या करायच्या तर जमलेल्या अर्ध्या संत्र्याचे धारदार सुरीनं सालीसकट दोन भाग करा. झाली होडी! राजगिऱ्याच्या पातळ चिक्कीचा त्रिकोण जेलीत खोचला की शीड. टाचण्या किंवा दात कोरायच्या काड्या मुलांच्या खाण्यात नकोतच. होडीत प्रवासी हवेत, म्हणून सांगोल्याच्या डाळिंबाचे दाणे. आमच्या भागात डाळिंबाला काय कमी! सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. न कापलेल्या वाट्यांवर मुलांना चेहरे करू द्या. रंगीत बडीशेपेचे डोळे, संत्रागोळीचं नाक. संक्रांतीचा काटेरी हलवा डब्याच्या तळाशी राहिलेला असतो, त्याचे दात असे काही दिसतात की विचारू नका.

गोळ्या म्हटल्यावर आपल्या जिल्ह्याची एक आठवण सांगायलाच हवी. रावळगावच्या गोळ्या आपण सगळ्यांनी चघळल्यात. तो कारखाना नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळचा, १९३३ साली सुरू झाला आणि गोळ्या १९४२ पासून निघू लागल्या. पण तो काढणारे वालचंद हिराचंद जन्मानं सोलापूरचे. २०२४ साली हा गोळ्यांचा धंदा रिलायन्सकडं गेला. तरी आमच्या पिढीच्या जिभेवर त्या गोळ्यांचं नाव रावळगावच.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. साखरेची गोळी ओल्या जेलीवर टिकत नाही. तासाभरात पाझरू लागते आणि रंगाचे ओघळ येतात. पहिल्या खेपेला माझ्या निम्म्या चेहऱ्यांचे डोळे असे गळाले, की सगळे रडतायत असं वाटावं! तेव्हा जेली आदल्या दिवशी करा, पण गोळ्या लावायच्या त्या पानं मांडल्यावरच.

आता मला जे खरं सांगायचंय त्याकडं येते. सांगू की नको असं दोन दिवस चाललं होतं. पण ह्या पानावर आपण नुसत्या जमलेल्या पाककृती लिहायच्या आणि फसलेलं झाकायचं, हे काही बरं नाही.

वाढदिवसाच्या आधी ह्यांचे एक मावसभाऊ परदेशातून येऊन गेले होते. त्यांनी मुलांसाठी एक मोठं पाकीट आणलं होतं. अस्वलांच्या आकाराच्या, रबरासारख्या चिवट, रंगीत गोळ्या. होडीत नावाडी म्हणून बसवायला ह्याहून देखणं काय असणार? प्रत्येक होडीत मी एकेक अस्वल बसवलं. मुलं टाळ्या पिटत होती. लेकीनं हट्टानं एक होडी आजीच्या हातात दिली. सासूबाई सहसा असलं काही खात नाहीत. पण नातीच्या वाढदिवसाचं कौतुक! त्यांनी ती खाल्ली, अस्वलासकट. वर म्हणाल्या, ‘झ्याक झालंय गं!’

संध्याकाळी पसारा आवरताना ते रिकामं पाकीट हातात आलं. छापलेलं दिसलं की वाचायचं, ही मास्तरणीची खोड. बारीक अक्षरांत घटकपदार्थ होते. साखर, ग्लुकोज, आणि तिसरं जिलेटीन.

मैत्रिणींनो, माझ्या पायांखालची जमीनच सरकली. जेली इतकी जपून केली, आणि तिच्यावर बसवलेल्या गोळीनं घात केला. गोळी म्हणजे साखर आणि रंग, एवढंच माझ्या डोक्यात. ती जिलेटीननं चिवट होते हे कुठं ठाऊक होतं? ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, ‘झालं ते झालं. आता कशाला सांगतेस? तिला काय कळणार आहे?’

खरंच कळलं नसतं. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. एवढ्या वर्षांची त्यांची माळ, आणि ते कळण्याचा हक्क मात्र माझ्याकडं? उद्या मुलांना वर्गात खरं बोलावं म्हणून कोणत्या तोंडानं शिकवू? सकाळी त्यांची पूजा आटोपली, तशी मी समोर बसले आणि सांगून टाकलं. ‘आई, माझं चुकलं.’

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘चुकलं खरं.’ एवढंच. त्या दिवशी पाण्याखेरीज काही घेतलं नाही. माझ्याही घशाखाली घास उतरेना. तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावून आत आल्या नि म्हणाल्या, ‘सांगितलंस ते ब्येस केलंस. आता असलं वळखायचं कसं ते मला शिकव. तू काय दरवेळंला हजर असणार हाईस व्हय?’

पुढच्या एकादशीला पंढरपूरहून परत आल्या तेव्हा मीच भीत भीत विचारलं. हसून म्हणाल्या, ‘इठ्ठलाला म्हनलं, सुनंला म्हाईत नव्हतं, मला म्हाईत नव्हतं. तुला तर म्हाईत होतं का न्हाई? मग हात का न्हाई धरलास माझा?’

त्यांना शिकवायचं काम नातीनं घेतलं. तिनं जे शिकवलं तेच तुम्हालाही सांगते. आपल्याकडं पुडीबंद खाण्यावर खूण असते, २००१ सालापासून कायद्यानंच. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. मांसाहारी पदार्थावर पूर्वी तपकिरी ठिपका असे, आता तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो. पण कुणी परदेशातून बॅगेत घालून आणलेल्या खाऊवर ही खूण नसते. तिथं घटकपदार्थच वाचावे लागतात. जिलेटीन हा शब्द शोधा. तांबड्या गोळीवर ‘कारमीन’ किंवा ‘ई १२०’ असेल तर तो रंग किड्यांपासून काढलेला असतो. आणि काहीच छापलेलं नाही अशा सुट्या गोळ्या असतील, तर माळकऱ्यांच्या पानात त्या वाढायच्या नाहीत, एवढं साधं धोरण ठेवावं. आमच्या सासूबाई आता वाण्याला ‘हिरवा ठिपका दाव’ म्हणतात. परवा मिठाच्या पुडीवरचासुद्धा बघून घेतला!

राहता राहिला होडीतला नावाडी. तो आम्ही आता घरीच करतो.

चायनाग्रासच्या घरच्या गोळ्या

पाच ग्रॅम चायनाग्रास कापून एक कप पाण्यात भिजवा आणि वरच्यासारखंच पूर्ण विरघळवा. त्यात दीड कप साखर घालून मंद आचेवर ढवळत शिजवा. मिश्रण दाटसर होऊन चमच्यावरून घसरताना शेवटी बारीक तार सोडू लागलं की उतरवा. अर्ध्या लिंबाचा रस आणि थोडी किसलेली संत्र्याची साल घाला. फक्त वरची केशरी साल किसा, आतला पांढरा भाग कडू असतो. पाण्याचा हात फिरवलेल्या ताटात ओता. थंड झालं की वड्या कापा, नाहीतर बाटलीच्या स्वच्छ झाकणानं चकत्या पाडा. रंगाला डाळिंबाचा रस चालतो, तेवढा पाण्यातून वजा करा.

मग ह्या गोळ्या ताटात सुट्या मांडून, वर पातळ फडकं घालून सावलीत तीन-चार दिवस वाळवायच्या, रोज एकदा उलटायच्या. वरून साखरेचं कुरकुरीत कवच येतं आणि आत मऊ राहतं. इथं मात्र आपला दुष्काळी मुलूख कामाला येतो. कोकणातल्या दमट हवेत ज्याला आठवडा लागेल, ते सांगोल्याच्या कोरड्या वाऱ्यात तीन दिवसांत होतं. मुंग्यांसाठी परातीत पाणी घालून मधोमध वाटी पालथी ठेवा आणि तिच्यावर ताट ठेवा.

शेवटी लहानग्यांबद्दल. चायनाग्रासची जेली जिलेटीनसारखी तोंडात विरघळत नाही, ती चावूनच खावी लागते. एका घासाच्या प्लॅस्टिकच्या कपातली घट्ट जेली तोंडानं ओढताना घशात अडकून काही देशांत मुलं दगावली. म्हणून युरोपीय संघानं २००४ साली तसले कपच थांबवले, आणि त्यात अगर घातलेलेही होते. तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांना जेली चमच्यानं बारीक करून, बसवून, समोर थांबून भरवा. अख्खी होडी हातात नको, गोळ्या आणि डाळिंबाचे दाणेही नकोत. धावता-हसताना कुणालाच नको. साखरेचंही तसंच. ही सणावाराची गंमत आहे, रोजची न्याहारी नव्हे.

सध्या आमच्या माजघरात गोळ्यांचं ताट वाळत पडलंय. रोज सकाळी त्या उलटायचं काम सासूबाईंनी स्वतःहून मागून घेतलंय. शेजारीण विचारायला आली, ‘काकू, हे काय वो?’ तर अगदी ठसक्यात म्हणाल्या, ‘आमच्या घरच्या गोळ्या हाईत. ह्यात काय काय हाय, ते मला म्हाईत हाय.’

करून बघा, आणि जमलं-फसलं दोन्ही कळवा.